कोर्ट उठेपर्यंत

सरकारी वकिलांनी छापील निकालांच्या रिपोर्टाचं जाड पुस्तक उघडलं, बोटाला थुंकी लावून पानं उलटली आणि ते वाचू लागले, तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले असतील. मी खाली मान घालून लिहीत होतो. तिसऱ्या वाक्याला माझा टाक थांबला. स्वतःचा जुना कोट दुसऱ्याच्या अंगावर दिसावा आणि कोपरावरचा रफू ओळखू यावा, तसं ते इंग्रजी मला ओळखू आलं. ज्या रूढीचं एक उदाहरणही जमातीच्या पंचाला सांगता येत नाही, ती रूढी मानता येणार नाही. हायकोर्टाच्या निकालात हे वाक्य छापलेलं आहे आणि हाताखालची सगळी कोर्टं ते शिरसावंद्य मानतात. पण ते रचलं होतं मी, एकोणीसशे अठरा साली, इथेच सोलापुरात नव्या पेठेतल्या भाड्याच्या खोलीत खिडकीशी बसून. माझ्या युक्तिवादातून ते न्यायमूर्तींनी जसंच्या तसं उचललं. सोळा वर्षांत ते कुणी मोठ्यानं वाचलेलं मी ऐकलं नव्हतं. सरकारी वकिलांनी पुस्तक मिटलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि ते अदबीनं हसून म्हणाले, "या रुलिंगबद्दल कोर्टाला मी काय सांगावं? अपिलात बाजू मांडणारे म्हणून मंगळवेढेकर हे नावच इथे छापलेलं आहे." वकील मंडळी हसली. माझ्या बाजूला बसून खटला ऐकणारे दोघे असेसर हसले; एक किराणा व्यापारी, दुसरे पेन्शनर मास्तर. आरोपीच्या पिंजऱ्यातली बाई, लोक का हसले हे न कळून, हसणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मीही हसलो. अशा वेळी जज्जानं थोडं हसायचं असतं.

त्या बाईचं नाव मायाक्का. होटगीकडची धनगराची बाई, वय अंदाजे सव्वीस. तिचा पहिला नवरा येडू. त्यानं काठीनं तिचं मनगट मोडलं तेव्हा ती माहेरी आली. त्यांच्या पंचांनी येडूला तीनदा सांगावा धाडला, तो आला नाही, आणि पंचांनी त्याच्या माघारी काडी मोडली. काडीमोड हा शब्द आपण पांढरपेशे नुसता वापरतो. ते लोक खरोखरच वाळल्या गवताची एक काडी मोडतात, एक तुकडा बाईच्या पदरात टाकतात आणि दुसरा नवऱ्याच्या दारात नेऊन ठेवतात. लग्न संपलं. पुढच्या वर्षी तिनं सिदूशी पाट लावला, आणि आता तिला सात महिन्यांचं मूल होतं. मधे चार वर्षं येडू स्वस्थ होता. मग त्याची आई वारली, चुलीपुढे आणि मेंढरांमागे माणूस उरलं नाही, तेव्हा त्याला बायकोची आठवण झाली आणि त्यानं फिर्याद ठोकली की माझ्या हयातीत माझ्या बायकोनं दुसरा नवरा केला. याला कायद्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे. प्रश्न एवढाच होता की नवऱ्याच्या संमतीवाचून केलेली काडीमोड कायद्याला मान्य आहे की नाही. मान्य असेल तर मायाक्का निर्दोष आणि सिदूची बायको. नसेल तर ती गुन्हेगार, सिदू परका पुरुष, मूल कुणाचंच नाही आणि बाई येडूची. मधलं काही नव्हतं. आणि हे ठरवायचं होतं मी, असिस्टंट सेशन्स जज्जानं, ज्याला मधल्या सोळा वर्षांत सहा गावं फिरवून सरकारनं पुन्हा आपल्या गावी आणून बसवलं होतं.

आदल्या दिवशी हरिबाची साक्ष झाली होती. हरिबा म्हणजे ती काडी मोडणारा पंच, सत्तरीच्या पुढचा, एका कानानं बहिरा, पण घोंगडं खांद्यावर नीट घडी घालून आलेला. सरकारी वकिलांनी त्याला तोच प्रश्न विचारला जो आता सगळीकडे विचारतात: नवऱ्याच्या संमतीवाचून काडी मोडल्याचं दुसरं एक तरी उदाहरण सांग, बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव. हरिबा गप्प राहिला. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. मी इंग्रजीत लिहून घेतलं की साक्षीदाराला एकही उदाहरण सांगता आलं नाही. लिहिताना माझा हात जड झाला होता, हे मला तेव्हाच जाणवलं होतं. हात जड व्हायला उकाडा पुरतो, असं मी मनाशी म्हटलं. सोलापुरात एप्रिलमध्ये कशालाही उकाड्याचं कारण चालतं.

अठरा साली मी सत्तावीस वर्षांचा होतो. वकिलीची पाटी लावून दोन वर्षं झाली होती आणि पाटीवरच्या अक्षरांखेरीज माझ्याजवळ दाखवण्यासारखं काही नव्हतं. तेव्हा रावजी नावाचा एक धनगर माझ्याकडे आला. त्याची बायको केराबाई काडीमोड घेऊन दुसऱ्याकडे राहत होती आणि त्याला ती परत हवी होती. केस पडेल असं जुन्या वकिलांनी त्याला सांगितलं होतं, कारण तशी चाल त्यांच्यात आहे हे उभ्या जिल्ह्याला ठाऊक होतं. रावजी माझ्या खोलीत उकिडवा बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "वकीलसाब, तुमी आमच्या पंचाला, त्या हरिबाला, नावं इचारा. काडी मोडल्यावर त्या दोगांचं नाव पुन्यांदा एका तोंडानं घ्याचं न्हाय, अशी बिरोबाच्या भंडाऱ्यावर आन असती पंचांची. बाईला नव्या घरात नांदायचं असतं, म्हनून. ज्यांनी भांडान कोर्टात नेलं त्यांच्यापुरती आन सुटती. दुसऱ्यांची सुटत न्हाय. जीव गेला तरी म्हातारा बोलायचा न्हाय." मला आठवतं, ऐकता ऐकता मी आनंदानं टाक उचलला. मी त्याला दोनदा विचारून खात्री करून घेतली. काडी मोडताना तिथे पंच आणि ती बाई यांच्यावाचून कुणी नसतं, म्हणजे नावं सांगायला दुसरा साक्षीदार मिळायचा नाही, हेही विचारून घेतलं. आणि मग भर कोर्टात मी हरिबाला नावं विचारली. तो गप्प राहिला. मी थांबलो, घड्याळाकडे बघितलं, पुन्हा विचारलं, कोर्टाला त्याचं गप्प राहणं नीट दिसावं म्हणून चांगला मिनिटभर थांबलो. बाहेर आल्यावर पायरीशी हरिबा माझी वाट बघत उभा होता. रागावलेला नव्हता. "वकीलसाब, तुमाला रावज्यानं सांगितलं व्हय?" एवढंच त्यानं विचारलं. मी पगडी सारखी केली. तो "बरं" म्हणाला आणि गेला.

खालच्या कोर्टात जिंकलो, केराबाईकडच्यांनी अपील केलं, ते मी हायकोर्टात लढवलं. त्या दिवसाचं मला सगळं आठवतं. न्यायमूर्तींना भूक लागली होती. एक वाजायला दहा मिनिटं होती. त्यांनी पेन्सिल खाली ठेवून विचारलं, म्हणजे मिस्टर मंगळवेढेकर, तुमचं म्हणणं थोडक्यात असं का, की उदाहरण नाही तर रूढी नाही? मी म्हणालो, होय, माय लॉर्ड. त्यांनी मान हलवली आणि माझं लेखी टिपण मागून घेतलं. कायदा तिथे झाला. लॉ क्लासात आमचे प्रोफेसर शिकवायचे की इंग्लंडचा कॉमन लॉ कुणी एका राजानं लिहून दिलेला नाही. तिथले जज्ज कायदा करत नाहीत, तो लोकांच्या चालीरीतीत असतोच, जज्ज फक्त तो शोधून काढतात, आणि एकानं शोधलेल्यावर पुढचा पाय ठेवतो, असं सातशे वर्षं चाललं आहे. मी ते भारावून लिहून घेतलं होतं. आता मला त्याची वाकळ दिसते. एकाचा निकाल दुसऱ्याला टाचायचा, दुसऱ्याचा तिसऱ्याला, आणि वरून गोधडी उबदार झाली की उलटी करून आतल्या चिंध्या कुणी बघायच्या नाहीत. माझी चिंधी खान्देशात गेली, कर्नाटकात गेली. कोळ्यांच्या खटल्यात वापरली, वडारांच्या वापरली. तेरा निकालांत तिचा आधार घेतला आहे. मला नक्की ठाऊक आहे, कारण पहिली काही वर्षं मी ते अभिमानानं मोजत होतो. तेरा निकाल म्हणजे निदान तेरा बायका. त्यांचं पुढं काय झालं ते मला ठाऊक नाही. केराबाईचंसुद्धा ठाऊक नाही. पक्षकारांचं पुढं काय झालं, हे रिपोर्टात छापत नाहीत.

युक्तिवाद संपले तेव्हा चार वाजले होते. निकाल उद्या, असं सांगून मी उठलो. टांग्यातून घरी येताना सिद्धेश्वराच्या तळ्याजवळ वारा सुटला होता. मी सारखा हिशेब मांडत होतो. जज्जाला स्वतःच्या ठाऊक असलेल्या गोष्टीवर निकाल देता येत नाही. पुराव्यात आलं तेवढंच खरं धरायचं. हा नियम बरोबरच आहे. तो नसता तर प्रत्येक जज्ज आपापल्या कानगोष्टींवर माणसांना फाशी देत सुटला असता. मग मला जे ठाऊक आहे ते पुराव्यात यायला एकच सरळ वाट होती. खटला दुसऱ्या जज्जाकडे द्यायचा आणि आपण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून शपथेवर सांगायचं, की हरिबा गप्प राहतो त्याचं कारण आण आहे, हे मला अठरा सालापासून ठाऊक आहे, आणि ठाऊक होतं म्हणूनच मी तो प्रश्न विचारला. एवढ्या तीन वाक्यांनी रुलिंगचा पायाच निघून जाईल आणि वरचं कोर्ट ते बदलेल. बदललं नाही तरी मायाक्का सुटेल. टांगेवाला काहीतरी सांगत होता, मी हूं हूं करत होतो. मला वाटलं, आपण हे करू शकू. सोलापूरच्या रस्त्यांवर असताना माणसाला बरंच काही वाटतं.

जेवताना हिला मी हसत हसत सांगितलं की आज माझंच रुलिंग मला वाचून दाखवलं. ही भाकरी वाढत होती. हात थांबवून म्हणाली, "तेच का ते, देवाची शपथ घेतलेल्या म्हाताऱ्याचं?" मी विसरलो होतो. तेव्हा लग्नाला वर्षच झालं होतं. खटला जिंकून आल्यावर मी तिला हरिबाची नक्कल करून दाखवली होती, तो कसा कठड्याकडे बघत उभा राहिला ती. "तुम्ही हसून हसून सांगितलं होतंत," ती म्हणाली. "मला मेलं ते तेव्हाही आवडलं नव्हतं. पण नवीन होते, बोलले नाही." मग तिनं मायाक्काचं सगळं विचारून घेतलं, मूल केवढं आहे तेही विचारलं. मी तिला नियम समजावून सांगितला आणि ती सरळ वाटही सांगितली. माझ्या ताटात शेंगांची चटणी वाढता वाढता ती म्हणाली, "मग द्या की साक्ष."

"तुला कळत नाही," मी म्हणालो. "दोन महिन्यांत माझं डिस्ट्रिक्ट जज्जाचं पक्कं व्हायचंय. वकील म्हणून मी कोर्टाला फसवलं, असं मी स्वतः शपथेवर सांगू?"

"फसवलंत का?"

"कायद्यानं नाही. विरुद्ध बाजूला मदत करायचं वकिलाला बंधन नसतं."

"मग भ्यायचं कशाला?" तिनं अगदी सरळ विचारलं. मला तिचा राग आला, आणि त्याहून माझा आला, कारण मला भीती वाटत होती आणि ती कशाची वाटत होती हेही पुरतं सांगता येत नव्हतं. बढतीची होती, होतीच. पण तिच्याही खाली काहीतरी होतं. सोळा वर्षं लोक मला हुशार म्हणत आले, ते ज्या एका वाक्यावर, ते वाक्य म्हणजे एका म्हाताऱ्याची कोंडी होती, हे एकदा तोंडातून निघालं की माझ्याजवळ उरतं काय? मी हात धुतले. आणि चूळ भरता भरता मला तिसरी वाट सुचली, तशा मला नेहमीच सुचतात. साक्षीदाराला केव्हाही परत बोलावून हवा तो प्रश्न विचारायचा कोर्टाला अधिकार आहे. मी हरिबाला बोलावीन आणि गप्प का राहिलास म्हणून विचारीन. आणेचं कारण तो सांगेल. ते पुराव्यात येईल. मला काही सांगावं लागणार नाही. मी हिला हे सांगितलं तेव्हा ती ताटं उचलून आत गेली. मला मात्र इतकं हलकं वाटलं की मी झोपाळ्यावर बसून एक सुपारी फोडली.

सकाळी अकराला मी हरिबाला पुकारायला सांगितलं. सरकारी वकिलांनी भुवया उंचावल्या. हरिबा पिंजऱ्यात चढला, शपथ घेतली, आणि डोळे बारीक करून त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. परवापर्यंत मी त्याला नुसता झगा आणि पट्टी होतो. मी सावकाश विचारलं, "हरिबा, तुला नावं विचारली तेव्हा तू गप्प राहिलास. उदाहरणं नाहीतच म्हणून गप्प राहिलास, की आणखी काही कारण आहे?"

पंखा ओढणाऱ्याची दोरी कुरकुरत होती. मग तो म्हणाला, "सायब, तुमाला ठावं हाय की."

सरकारी वकिलांनी हातातला कागद खाली ठेवला. मी म्हणालो, "मला काय ठाऊक आहे ते राहू दे. तू सांग."

"मी कसा सांगू? कारन सांगितलं म्हंजे काडी मोडलेली ती मानसं आलीच की त्यात." त्याचा आवाज भांडणाचा नव्हता, अडचणीत सापडलेल्या माणसानं दुसऱ्या जाणत्याला विनवावं तसा होता. "माजी आन हाय. तुमास्नी काय आन न्हाय. तुमी सांगा, सायब."

सगळे माझ्याकडे बघत होते. मायाक्काही बघत होती. तिला एवढं कळलं होतं की काहीतरी आहे आणि ते या खुर्चीतल्या माणसाजवळ आहे. तिनं कठडा दोन्ही हातांनी धरला. मी टाक दौतीत बुडवला. साक्ष जज्जानं स्वतःच्या हातानं इंग्रजीत लिहायची असते; जे मी लिहीन तेच हरिबा बोलला असं उद्या वरच्या कोर्टात धरलं जाणार होतं. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहिले असते तरी पुरलं असतं. कोर्टाला ठाऊक आहे, असं साक्षीदार म्हणतो: एवढी एक ओळ. ती वाचून वरच्यांनी मला विचारलं असतं आणि मला सांगावंच लागलं असतं. मी ती ओळ मनात पूर्ण रचली. तिचं इंग्रजीही चांगलं जमलं होतं. आणि मला तो नियम आठवला, बरोबर असलेला, शहाण्या माणसांनी केलेला, की जज्जानं आपल्याला ठाऊक असलेलं पुराव्यात आणू नये. मी त्या नियमाच्या आड उभा राहिलो आणि लिहिलं: साक्षीदार प्रश्नाचं सरळ उत्तर टाळतो. शाई वाळेपर्यंत मी वर बघितलं नाही. मायाक्काचा वकील कोवळा पोरगा होता. तो काहीतरी बोलायला अर्धा उठला, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि बसला. हरिबाला मी खाली उतरायला सांगितलं. तो "बरं" म्हणाला.

असेसरांना मत विचारलं. मराठी दोघांनाही कळत होतं. हरिबा काय बोलला ते त्यांनी ऐकलं होतं. किराणा व्यापारी म्हणाले, निर्दोष. पेन्शनर मास्तर उभे राहिले, उपरणं सावरलं आणि ते माझ्याकडे न बघता म्हणाले, निर्दोष. असेसरांचं मत जज्जावर बंधनकारक नसतं. मी निकाल वाचला. सव्वा पान होता. वरच्या कोर्टाचं रुलिंग या कोर्टावर बंधनकारक आहे, रूढी शाबीत होत नाही, सबब आरोपी दोषी. मग मी आवाज मऊ केला. आरोपी अडाणी आहे, तिनं जमातीच्या सांगण्यावर विश्वास ठेवला, तिला अंगावर पिणारं मूल आहे. म्हणून आज कोर्ट उठेपर्यंत साधी कैद, एवढीच शिक्षा. सरकारी वकील हलकेच पुटपुटले की कोर्टानं फार दया दाखवली. सकाळपासून पहिल्यांदा मी खुर्चीला पाठ टेकली. सात वर्षांच्या जागी सहा तास. कुणालाही विचारलं असतं तर त्यानं मला दयाळू जज्जच म्हटलं असतं.

शिरस्तेदारांनी तिला मराठीत समजावून सांगितलं. ती ऐकत होती. मग तिनं मला विचारलं, "सायब, म्हंजे मी सुटले का न्हाय?"

"संध्याकाळी सुटशील."

"आन मंग कुनाच्या घरी जायाचं?"

शिरस्तेदार माझ्याकडे बघू लागले. सरकारी वकील कागद आवरू लागले. मी म्हणालो, "तुझं लग्न येडूशी झालेलं आहे. ते मोडलेलं नाही." हे मी तिला म्हणालो. माझ्या आवाजात, माझ्या जिभेनं, या गावच्या मराठीत. इंग्रजीत ते किती निराळं वाटत होतं. तिनं विचारलं, "आन पोरगी?" मी म्हणालो, "कोर्ट उठेपर्यंत तिथं बस." पोलिसानं तिला भिंतीकडच्या बाकावर बसवलं.

बोर्डावर आणखी कामं होती. जामिनाचे दोन अर्ज, एका चोरीच्या अपिलाची तारीख. मी ती सगळी केली आणि प्रत्येकाला लागतो त्याहून जास्त वेळ घेतला. खिडकीतून बाहेरचं लिंबाचं झाड दिसत होतं. त्याच्या सावलीत येडू आला होता, चार माणसं आणि बैलगाडी घेऊन. त्यानं डोक्याला नवा फेटा बांधला होता. व्हरांड्यात सिदू मूल खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालत होता; रडण्यानं काम अडतं म्हणून मी खटला सुरू झाला तेव्हाच मूल आत आणायला बंदी केली होती. मधल्या सुट्टीत ती त्याला पाजून यायची. आज ती कैदी होती आणि कैद्याला बाहेर जाता येत नाही. साडेतीनला शिरस्तेदार वाकून म्हणाले, "साहेब, बोर्ड संपला." मी म्हणालो, "हं."

आणि मी बसून राहिलो. मग माझ्या लक्षात आलं की मला उठायचंच नाही. मी उठलो की कोर्ट उठतं, कोर्ट उठलं की तिची कैद संपते, आणि कैद संपली की ती त्या बैलगाडीची. मी बसलो आहे तोवर ती सरकारची कैदी आहे, पोलिसाच्या पहाऱ्यात आहे, येडूला तिला हात लावता यायचा नाही. माझ्या सगळ्या अधिकारातून आता इतकंच करण्यासारखं उरलं होतं, की खुर्चीत बसून राहायचं. मी एक जुनी फाईल ओढली आणि वाचायचं सोंग केलं. चार वाजले. वकील एकेक करून निघून गेले. पंखा ओढणारा पेंगला आणि पंखा थांबला, तरी मी त्याला हटकलं नाही. मी वेड्यासारखा विचार करत होतो. पाचपर्यंत बसू. सहापर्यंत बसू. दिवे मागवू. येडू कंटाळून निघून जाईल. कुणी काही तरी सुचवील. त्या कोवळ्या वकिलाला अपिलाची बुद्धी होईल. खटल्याच्या कागदांत ते पान होतं, माझ्या हातची ओळ होती, ती खोडून मला अजून दुसरी लिहिता आली असती. कागद हातभर अंतरावर होते. मी त्यांच्याकडे बघत होतो. देवा, मी नुसता बघत होतो.

गिरणीचा पाचाचा भोंगा झाला. व्हरांड्यात मूल रडायला लागलं होतं, ते थांबेना. सिदूनं काहीतरी गुणगुणून बघितलं, टाळ्या वाजवून बघितल्या. रडणं चिरकं झालं. बाकावर मायाक्का पुढे झुकली, मागे झाली. तिच्या चोळीवर दोन ओले डाग दिसू लागले, तिनं पदर ओढून घेतला. पोलीस दुसरीकडे बघू लागला. शिरस्तेदार उभेच होते, साठीचे गृहस्थ, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. माझ्या हातात फाईल उलटी होती हे मला तेव्हा दिसलं.

मायाक्का उठून उभी राहिली. पोलिसानं तिला अडवायला हात पुढे केला, मी मानेनं नको म्हटलं. ती टेबलाच्या खालच्या पायरीपाशी आली. रागानं ओरडेल, शाप देईल, पाया पडेल असं मला वाटलं. तसं काही झालं असतं तर मी त्याच्या आधारानं आणखी तासभर बसलो असतो. ती अगदी घरातल्या आवाजात म्हणाली, "उटा सायब. तुमी बसून काय व्हनार हाय? पोर उपाशी हाय. एकडाव पाजून घेते तिला, मंग न्हेऊ द्या कुनालाबी."

मी उठलो. शिरस्तेदारांनी कोर्ट उठल्याचं पुकारलं, ऐकायला कुणी नव्हतं तरी. पोलीस बाजूला झाला आणि ती धावत व्हरांड्यात गेली, भिंतीकडे तोंड करून बसली, मूल पदराखाली घेतलं. येडू त्याच्या माणसांना घेऊन पायऱ्या चढून वर आला आणि चार हातांवर थांबला. तिचं पाजून होईपर्यंत कुणी पुढे सरकलं नाही, येडूसुद्धा नाही. मी दाराच्या चौकटीत झगा घालून उभा होतो. मग मूल झोपलं, सिदू खाली बसला आणि त्यानं हात पुढे केले, आणि तिनं ते त्याच्याकडे दिलं.